नव्वद ग्रॅम

करावे गावात, गटारावरच्या लादीपलीकडे माझं दुकान.
पाटी नाही. पामबीचवरचे सायकलवाले
एकमेकांना विचारत येतात, पहाटे पाचला,
दिवे लुकलुकवत.

उद्या खारघरच्या टेकडीची चढाई.
अश्वती कुरूपची सायकल स्टँडवर आहे,
लेकराला काखेत धरून उचलावं तशी.
एका बोटाने हलते. कार्बन. तिच्या बाबांचा निम्मा फंड.

गिअरला तार नाही.
बटण दाबलं की मागे एक इवली मोटर झुं करते
आणि चेन दात बदलते, भिंतीवरची पाल सरकावी तशी.
तीस वर्षं तारा ओढून बोटांना पडलेले घट्टे
तिच्यासमोर मी खिशात घालतो.

टायर रुंद झाले, हवा कमी झाली,
आणि वेग वाढला.
हे पटायला मला वर्ष लागलं.
दगडासारखी टाईट हवा भरून किती पोरांना म्हटलं,
जा, आता उड.
ती उडत नव्हती,
नुसती हादरत होती.

चेनला तेल चालत नाही. मेणात उकळतात.
टोप आईचा, कालवणाचा. त्यावरून घरात
तीन दिवस अबोला.

रात्री साडेदहाला सायकल वजनाला टांगली
आईच्याच मासळीच्या काट्यावर, हुकाला.
सहा किलो सातशे दहा.
नियम म्हणतो, सहा आठशेच्या खाली नको.

अश्वती मटकन पायरीवर बसली.
बाटलीचे स्क्रूसुद्धा तिने टायटॅनियमचे घेतले होते,
एकेक ग्रॅम शंभर-शंभर रुपयांनी कमी केला होता,
आणि आता नव्वद ग्रॅम परत घालायचे?
"कुठून आणायचे, हरेशभाऊ?"
हसावं की रडावं ते तिला कळेना,
म्हणून आधी मी हसलो.

माळ्यावर बापाचा पाग पडलेला.
खाडीत टाकून किती वर्षं झाली कोण जाणे,
जाळी उंदरांनी खाल्ली, शिसं मात्र तसंच.
नऊ गोळ्या कापल्या, चिंधीत बांधल्या,
सीटखालच्या नळीत खोल ढकलल्या, वर फोमचा बोळा.
हलवून पाहिलं. आवाज नाही.
काट्यावर, बरोबर सहा आठशे.
निवट्या-कोलंबीचं वजन पाण्यात नेणारं ते शिसं
सकाळी डोंगर चढणार होतं.

पंचांचा काटा डिजिटल.
आकडा आला सहा आठशे चाळीस.
अश्वतीने माझ्याकडे पाहिलं.
मी झाडाकडे.

ती चौथी आली. तिसरीच्या मागे दोन सेकंद.
रात्री मी कागदावर हिशोब मांडला,
चाळीस ग्रॅमचे त्या चढाला
फार तर अर्धा सेकंद. तोही नाही.
तिला पाठवला. तिचं उत्तर आलं,
"माहितीये. वॉट कमी पडले. शिसं राहू दे."

आई लसूण सोलत होती.
मी म्हटलं, बाय, तुझा काटा चाळीस ग्रॅम कमी दाखवतो,
पावणेसात किलोला.
बाजारात गुणाबाय आयुष्यभर ओरडायची
हिच्या काट्यात पाप हाय म्हणून,
आज पंचांच्या कागदावर आलं,
तू जास्तच देत होतीस.

मला वाटलं, आई खूश होईल.
ती बोटांवर मोजत राहिली.
किलोमागं सा ग्राम. रोजची ईस किलो.
तीस वर्सं.
"म्हंजी एवरी मासली मी फुकट वाटली?"

काटा खिळ्याला लावला.
रिकामा असताना नीट पाहिलं,
सुई शून्याच्या केसभर अलीकडे.
मागून आवाज आला,
"काटा -हाऊ दे. आदी त्यो मेणाचा टोप घास."